टेकडी उजाड नाहीये हो!

दरवर्षी मे संपत आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज येतोच. "पहिला पाऊस पडला की वेताळ टेकडीवर वृक्षारोपण, सकाळी साडेसहा, टोपी आणि नाश्ता मिळेल, मुलांना जरूर आणा." खाली हिरव्या बदामांची रांग. मग मी तिथे काहीतरी खुसपट काढते आणि पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये लोक माझ्याशी जरा जपूनच बोलतात. मागच्या वर्षी तर सेक्रेटरी काकांनी थेट विचारलं, "मॅडम, तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?" आता याला चार ओळींत काय उत्तर देणार, म्हणून यंदा ग्रुपवर भांडायचं नाही असं ठरवलंय, इथेच सविस्तर लिहिते आणि लिंक तिकडे टाकून मोकळी होते. ज्यांना वाचायचं ते वाचतील, बाकीचे बदाम टाकतील.

तर काका, मी झाडांच्या विरोधात नाही. मी फक्त एवढंच म्हणतेय की टेकडी उजाड नाहीये, आणि जे उजाड नाहीच ते हिरवं करायला आपण कशाला जायचं.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहराच्या ऐन मधोमध असलेली डोंगररांग, शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. एका बाजूला कोथरूड, पौड रोड, एकीकडे लॉ कॉलेज रोड, पलीकडे गोखलेनगर, चतुःशृंगी आणि मागच्या अंगाला पाषाण, पंचवटी. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेची इमारत तिथे आहे म्हणून अर्धे लोक एआरएआय टेकडी म्हणतात, फर्ग्युसन कॉलेजमागची हनुमान टेकडी हा त्याच रांगेचा शेपटाकडचा भाग. वर वेताळबाबाचं देऊळ आहे, एक जुनी दगडखाण आहे जिच्यात पाणी साठतं, आणि सकाळी सहा ते आठ या वेळात पुण्यातले निम्मे रिटायर्ड लोक आहेत. खडक सगळा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, वर वीतभर मुरमाड माती, काही ठिकाणी तीही नाही. पाऊस जेमतेम चार महिने. हे एवढं नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे.

मे महिन्यात वर गेलात तर गवत वाळून पिवळं नाहीतर तपकिरी, खडक तापलेले, मधूनमधून बिनपानांची झाडं. बघणाऱ्याला वाटतं की इथे काही उरलंच नाही. पण त्याच दिवसांत सकाळी नऊच्या सुमाराला, ऊन चढल्यावर, पायवाट सोडून न जाता नुसतं एका जागी उभं राहून दगडांकडे बघा. एखाद्या दगडावर चढून बसलेला बोटभर सरडा दिसेल आणि तो मधूनच गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. फॅन थ्रोटेड लिझर्ड म्हणतात त्याला. नर असतो तो, मादीला दाखवायला आणि शेजारच्या नराला धमकवायला चाललेलं असतं हे सगळं. आता हा सरडा झाडावर राहत नाही, दाट सावलीत तर नाहीच. त्याला मोकळी तापलेली जमीन लागते, उंच दगड लागतो की ज्यावरून लांबचं दिसेल, आणि आजूबाजूला खुरटं गवत. तुम्ही त्याच्या दगडाभोवती दाट झाडी उभी केलीत की त्याचं घर गेलं. तो काही दुसरीकडे फ्लॅट घेत नाही.

टिटवीचंही तेच. ती घरटं बांधत नाही, उघड्यावर चार खडे गोळा करते आणि त्यात अंडी घालते, अंडी इतकी मातीच्या रंगाची की पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून ती आपल्या डोक्यावरून ओरडत फिरते. लोक म्हणतात काय कर्कश पक्षी आहे, अहो तिची अंडी तुमच्या बुटापासून दोन हातांवर असतात! डोंबारी म्हणून एक छोटा चंडोल आहे, चिमणीएवढा, नराच्या डोळ्यावरून काळा पट्टा. तो सरळ वर उडतो आणि पंख मिटून खाली झोकून देतो, जमिनीला टेकणार असं वाटत असतानाच परत वर. हेसुद्धा मोकळ्या माळावरच. तित्तिर, लावा, रातवा, हे सगळे जमिनीवर राहणारे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. थंडीत गप्पीदास येतो पाहुणा, तोही एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर बसून खालच्या गवतातले किडे टिपतो. या सगळ्यांसाठी गवत आणि मोकळी जागा हेच जंगल आहे.

आणि ती बिनपानांची झाडं मेलेली नसतात हो. सालई घ्या, कागदासारखी साल सुटत असते तिची, थंडीत पानं टाकते आणि पाऊस येईपर्यंत तशीच उभी. मोई तशीच. मेडशिंगीला वाकड्या लांब शेंगा लटकलेल्या असतात आणि पावसाच्या तोंडावर पांढरी फुलं येतात. गणेर म्हणजे सोनसावर, त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसताना वाटीएवढी पिवळीधम्मक फुलं. पळस तर सगळ्यांना माहितीये. एखादं भुत्याचं झाड, म्हणजे कांडोळ, पांढरंफटक गुळगुळीत खोड, चांदण्यात असं काही चमकतं की वेताळाच्या टेकडीवर हेच झाड हवं असं वाटावं. हिवर, खैर, हेंकळ, बोर, ही काटेरी मंडळी. ही सगळी झाडं एकमेकांपासून अंतर ठेवून उगवतात, मध्ये गवत. दख्खनच्या टेकड्या अशाच असतात. इंग्रजीत याला सॅव्हाना म्हणतात, आफ्रिकेच्या डॉक्युमेंटरीत सिंह ज्यात लोळतात तेच. तिथे आपण वा वा करतो आणि इथे त्यालाच ओसाड म्हणतो.

आता पावसाचं सांगते, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की आठ-दहा दिवसांत त्या वीतभर मातीतून अक्षरशः पानं यायच्याही आधी फुलं येतात. कारण खाली कंद आहेत. वर्षातले आठ महिने ही झाडं जमिनीखाली नुसती बसून असतात, वर काही म्हणजे काही नाही, आणि पावसाचा वास आला की उठतात. काळी मुसळीचं पिवळं चांदणीसारखं फूल जमिनीला टेकून उगवतं, तुम्ही उभ्याने बघत असाल तर दिसणारच नाही. सफेद मुसळीचे पांढरे तुरे, भुईचक्राचं छोटंसं जांभळट काळं फूल, मग रानहळद. जुलैमध्ये पांढरी हाबेनारिया, ही जमिनीवर उगवणारी ऑर्किड आहे, हो, ऑर्किड, पुण्यात, कोथरूडच्या डोक्यावर. तिचं बी धुळीसारखं असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, त्यामुळे मातीत एक विशिष्ट बुरशी असेल तरच ते रुजतं. म्हणून ती उपटून कुंडीत लावायची सोय नाही, ती मरते. तरी लोक उपटतात.

एक कंदीलपुष्पातलंही आहे, सेरोपेजिया. कुठे आहे ते मी सांगणार नाही, विचारू पण नका, कारण फोटो टाकला आणि मागच्या हिरवळीवरून जागा ओळखून कोणीतरी कंद खणून नेल्याच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. फूल म्हणजे एक नळी, आत खालच्या दिशेने वळलेले केस, लहानशी माशी आत शिरते आणि केसांमुळे बाहेर पडता येत नाही. आत अडकते, परागकण अंगाला लागतात, मग केस सुकून गळतात आणि माशी सुटते आणि पुढच्या फुलात जाऊन परत फसते. निवडुंगाच्या जाळीत नाहीतर झुडपाच्या आधाराने वाढतं, फूल हिरवट, त्यामुळे समोर असून दिसत नाही. टेकडीवर आमच्याबरोबर येणारे एक सर आहेत, वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेले, ते सांगतात की सेरोपेजिया दाखवायला नेलेल्या माणसांपैकी निम्मी माणसं तिच्यावर उभी असतात.

ऑगस्टनंतर विष्णुक्रांतेची निळी टिकलीएवढी फुलं, नीलवंती, तेरडा, घोडेघुई, कवला, कळलावी. आणि भुईगेंद, जमिनीवर काटेरी चेंडू ठेवल्यासारखा, वर बारीक फुलं. कास पठाराच्या नावाने लोक शनिवारी पहाटे उठून ट्रॅफिकमध्ये अडकतात, त्याबद्दल काही म्हणायचं नाही, कास ते कासच. पण घरापासून वीस मिनिटांवर खाली वाकून बघायला काय हरकत आहे?

आणि गवत. गवताबद्दल कोणी बोलतच नाही. कुसळी गवत सगळ्यांच्या पायमोज्यांना माहितीये, दिवाळीच्या आसपास टेकडीवरून आलं की घरी बसून अर्धा तास कुसळं काढायची. पण ते कुसळ काय आहे बघा. टोकदार बी, मागे लांब पिळलेली शेपटी. ती शेपटी दमट झाली की पीळ सुटतो, सुकली की परत पडतो, आणि या सुटण्या-पडण्यात बी गिरमिटासारखं स्वतःला जमिनीत फिरवत नेतं. म्हणजे माळी नाही, खड्डा नाही, टँकर नाही, बी स्वतःच स्वतःला पेरतं. त्या गवताच्या मुळांनी ती वीतभर माती धरून ठेवलीये. पावसाचं पाणी गवतात अडतं, सावकाश खडकाच्या भेगांत मुरतं आणि खालच्या वस्त्यांच्या बोअरला आणि झऱ्यांना येतं. टेकडीवर एवढ्या उतारावर गवत नसतं तर प्रत्येक मोठ्या पावसात मुरूम खाली पौड रोडवर आला असता.

बरं, आता ग्लिरिसिडिया.

टेकडीवर जाणाऱ्यांनी हे झाड पाहिलंच आहे, नाव माहीत नसेल. फेब्रुवारीत फिकट गुलाबी फुलांनी लगडतं, लोक रील काढतात, काहींना वाटतं चेरी ब्लॉसम. मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेतलं. वनखात्याने आणि सामाजिक वनीकरणवाल्यांनी १९८०च्या दशकात टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून पुण्याभोवती भरमसाठ लावलं. त्या वेळचा विचार समजण्यासारखा आहे, उगाच आता शिव्या घालायला नकोत. फांदी खोचली तरी लागतं, मुरमात जगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं, सरपण मिळतं. टार्गेट पूर्ण करायला याच्याइतकं सोयीचं झाड नाही.

पण झालं काय, की आज टेकडीचे अख्खे उतार एकाच झाडाचे आहेत. पावसाळ्यात त्याची इतकी दाट सावली पडते की खाली गवत वाढत नाही, आणि गवत नाही म्हणजे मगाशी सांगितलेले सगळे कंद, भुईचक्र, हाबेनारिया, चंडोल, सरडा, सगळ्यांचा पत्ता कट. ग्लिरिसिडियाच्या पट्ट्यात जुलैमध्ये जाऊन खाली बघा आणि मग शंभर पावलं पुढे मोकळ्या माळावर जाऊन खाली बघा, मला वेगळं काही पटवायची गरज नाही. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला की त्या झाडांखालून चालताना अंगावर चिकट काहीतरी पडत राहतं, लोकांना वाटतं दव पडतंय. दव कसलं, माव्याची विष्ठा आहे ती! (हे सांगितल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी वाटच बदलली.)

एक मात्र मान्य करायला हवं. ग्लिरिसिडियाखालच्या पाचोळ्यात पावसाच्या सुरुवातीला नवरंग दिसतो, किडे उकरत असतो. स्वर्गीय नर्तकही त्या सावलीत फिरतो. त्यामुळे उद्याच्या उद्या करवती घेऊन सगळं साफ करा असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याही बाजूची नाही. एकदम उघडी पडलेली जागा घाणेरी आणि रानतुळस लगेच बळकावते, हे इतर टेकड्यांवर दिसतंच आहे. थोडं थोडं काढत जायचं, मोकळ्या झालेल्या जागेत काय येतंय ते दोन-तीन पावसाळे बघायचं, नको ते उपटायचं. कंटाळवाणं काम आहे. त्याचा फोटो चांगला येत नाही.

फोटो येतो तो वृक्षारोपणाचा. राज्यात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत मिळून पन्नास कोटींच्या वर झाडं लावायचं टार्गेट होतं, एकट्या २०१९ साली ३३ कोटी. एवढी झाडं लावायची तर जागा लागणार, आणि जागा कुठली, तर जिथे झाडं "नाहीत" ती. म्हणजे माळ, म्हणजे गवताळ टेकड्या. मग आधी उतारावर जेसीबीने नाहीतर मजूर लावून सलग समतल चर खणायचे. पाणी अडवायला चर ठीक आहेत, जिथे माती वाहून चालली आहे तिथे उपयोगही होतो. पण जिथे गवताने माती आधीच धरून ठेवलीये तिथे चर खणणं म्हणजे वर्षानुवर्षं जमिनीत असलेले कंद उलटेपालटे करून उन्हात टाकणं. मग त्या खड्ड्यांत कोणी वड लावतो, कोणी पिंपळ, एका कंपनीच्या लोकांनी (नाव नको) तर चक्क गुलमोहर आणि सप्तपर्णी लावली होती, प्रत्येकाला नावाची पाटी. वड चांगलाच आहे हो, पण त्याला वीतभर मुरमात, वाऱ्यावर, टेकडीच्या माथ्यावर लावून काय करायचंय? मार्चपर्यंत पाटी राहते, झाड जातं. मग परत जूनला त्याच खड्ड्यात दुसरं.

"पण पूर्वी इथे घनदाट जंगल असेल ना, इंग्रजांनी तोडलं असेल" हे वाक्य मला दर पावसाळ्यात एकदा तरी ऐकवलं जातं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर असेलही. पण आपण घाटमाथ्याच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीत आहोत. आणि याच्यावर २०२५ साली एक भारी अभ्यास आला. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला एक संशोधक आणि अमेरिकेत मिशिगनला काम करणारा एक परिस्थितिकी शास्त्रज्ञ, दोघांनी मिळून जुनं मराठी संतसाहित्य, चरित्रं, लोककथा चाळल्या आणि त्यात कुठल्या ठिकाणी कुठल्या रानटी झाडाचा उल्लेख येतो ते शोधलं. ४४ जाती सापडल्या, त्यातल्या २७ या माळरानाच्या, सॅव्हानाच्या. गवत, गुरं, गवळी आणि काटेरी झाडं. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ किमान साडेसातशे वर्षांपासून माळच आहेत. कोणीतरी कालपरवा जंगल तोडून उरलेली ही जागा नव्हे. कान्होपात्रेच्या गोष्टीतलं पंढरपूरच्या देवळातलं तरटीचं झाड आठवतंय? तरटी हे अस्सल कोरड्या माळावरचं काटेरी झाड. आपल्या आजीला ही गोष्ट तोंडपाठ होती पण त्यातून हा निष्कर्ष काढायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून मला हा अभ्यास एवढा आवडला.

सरकारी दप्तरात मात्र अशा जागांना अजून पडीक जमीन म्हणतात. इंग्रजांना ज्या जमिनीवर सारा मिळत नाही आणि इमारती लाकूडही नाही ती वाया गेलेली वाटायची, त्यांचं एकवेळ समजू शकतो, आपण ते शीर्षक तसंच ठेवून त्याचा अख्खा अॅटलास छापतो. बेंगळुरूच्या एट्री संस्थेतल्या लोकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला, तर देशाच्या जवळपास १० टक्के जमीन निघाली आणि त्यातली पाच टक्क्यांपेक्षाही कमी अभयारण्यं वगैरेंमध्ये संरक्षित आहे. बाकी सगळी सोलरला, एमआयडीसीला, नाहीतर वृक्षारोपणाला मोकळी. याचं टोक बघायचं तर सोलापूरजवळ नान्नजला बघा. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य केलं आणि त्याच भागात माळावर ग्लिरिसिडियाची लागवड पण केली. माळढोक हा मोकळ्या गवतात राहणारा पक्षी, त्याला लांबवर नजर पोचायला लागते. त्याच्या घरात आपण भिंती घातल्या. आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

असो. परत टेकडीवर येऊ.

परकीय म्हणजे फक्त ग्लिरिसिडियाच नाही. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, हे देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानतात. पुणेकरांना कशाचाही पहिला मान मिरवायला आवडतो, हा घ्या. त्याच्यावर सोडायला १९८०च्या दशकात मेक्सिकोतून भुंगेरे आणले, ते आता पावसाळ्यात टेकडीवर पण दिसतात, पिवळट अंगावर काळ्या रेघा, पानं खाऊन जाळी करतात पण गाजर गवत काही संपत नाही. सुबाभूळ आहे, घाणेरी आहे.

पण सध्या माझं खरं वैर कॉसमॉसशी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केशरी-पिवळ्या फुलांचे ताटवे दिसतात ना, डोक्याएवढे उंच, ज्यात उभं राहून सगळे फोटो काढतात, तो कॉसमॉस. हाही मेक्सिकोकडचा. कोणीतरी हौसेने बंगल्यात, रस्त्याच्या दुभाजकात लावला, तिथून पळाला. वर्षायू आहे, म्हणजे वर्षभरात उगवून मरणारा, एका झाडाला भरपूर बी, आणि पावसाळ्यात एवढ्या भराभर वाढतो की खालच्या विष्णुक्रांतेला वगैरे ऊनच मिळत नाही. लोक म्हणतात किती सुंदर! आहेच सुंदर, मी नाही म्हणत नाही. फुलपाखरंही येतात मध प्यायला. पण फुलपाखराला नुसता मध पुरत नाही, अंडी घालायला त्याच्या अळीचं झाड लागतं, आणि आपल्या बहुतेक अळ्या ठरलेल्या देशी झाडांवरच वाढतात. प्लेन टायगरची अळी रुईवर, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर लाइम बटरफ्लायची. कॉसमॉसवर जेवण मिळेल, पाळणा हलणार नाही.

वणव्याबद्दल दोन शब्द. जानेवारीपासून मेपर्यंत टेकडीवर कुठे ना कुठे आग लागतेच, म्हणजे लावली जाते. सिगरेट, दारू पार्टी, कचरा पेटवणं, काही वेळा "जाळलं की गवत चांगलं येतं" ही समजूत. गवताळ भागात कधीमधी आग नवीन नाही, कंद खाली असतात ते वाचतात, गवत पुन्हा फुटतं. पण दरवर्षी तीच जागा जळली की सालई, मोईची लहान रोपं कधी मोठीच होत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये लागली तर टिटवीची अंडी, तित्तिराची पिल्लं, सरडे सगळं त्यात. त्यामुळे धूर दिसला की फोटो काढून स्टेटसला ठेवण्याआधी अग्निशमनला फोन करा, १०१.

आणि कुत्री मोकळी सोडू नका हो. माझ्याकडेही कुत्रा आहे, मला पण त्याला पळताना बघायला आवडतं, पण तो तित्तिराच्या पिल्लाला खेळणं समजतो. मोरांना फरसाण घालणारे एक आजोबा आहेत, त्यांना समजावून आम्ही थकलो. "अगं, तो माझ्या हाताची वाट बघतो." बघणारच, तेलकट शेव कोणाला नको असते! त्याने किडे, साप, सरडे, बिया खायच्या, ते सोडून तो बाकापाशी येऊन उभा राहायला लागला की मग कुत्र्यांना आयताच सापडतो.

रस्ता आणि बोगद्यांबद्दल मी इथे फार लिहीत नाही, टेकडीवरून न्यायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्यावर आजवर एवढं लिहून, बोलून आणि कोर्टात जाऊन झालंय. २०२३च्या एप्रिलमध्ये भर उन्हाळ्यात हजारो पुणेकर टेकडीसाठी रस्त्यावर उतरले होते, मीही होते. फक्त एक निरीक्षण. रस्त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात जेवढी झाडं जातील त्याच्या अमुक पट लावू. हे वाक्य बोलता येतं कारण आपणच टेकडीची किंमत झाडांच्या आकड्यात मोजायला शिकवलंय. भुईचक्र किती लावणार आहात? डोंबारीची जोडी कुठे लावणार? पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांमध्ये टेकड्यांसाठी जैवविविधता उद्यानाचं, बीडीपीचं, ९७८ हेक्टरचं आरक्षण आहे, तिथेही हाच प्रश्न येणार आहे. उद्यान म्हंटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लॉन, कारंजं आणि कॉंक्रीटची छत्री येते. उद्या तिथे आरक्षण टिकलं आणि आत जॉगिंग ट्रॅक, कारंजं आलं तर जिंकलो म्हणायचं की हरलो?

मग मुलांना घेऊन करायचं काय, असं सेक्रेटरी काका विचारतीलच, रास्त प्रश्न आहे. नाश्ता आणि टोप्या ठेवा, तेवढं तसंच राहू दे. झाडं लावायचीच असतील तर आपल्या सोसायटीच्या मागे जी पेव्हर ब्लॉक घातलेली रिकामी पट्टी आहे ती फोडा आणि तिथे कडुनिंब, बहावा, करंज, काय हवं ते लावा, शहरात सावली हवीच आहे, त्याला कोणाचा विरोध आहे? टेकडीवरच लावायचं असेल तर ओघळीत, जिथे माती खोल आहे आणि आधीपासून झाडी आहे, तिथे, आणि टेकडीवरच्याच सालई, मोई, मेडशिंगीच्या बिया गोळा करून केलेली रोपं, तीही वनखात्याला विचारून. मोकळ्या माळावर एकही नको.

त्यापेक्षा जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून आमच्याबरोबर कॉसमॉस उपटायला या. त्या वेळी तो गुडघ्याएवढा असतो, माती ओली असते, मुळासकट सहज येतो, आणि फुलायच्या आत काढला तर बी पडत नाही. फुलं आल्यावर काढायला गेलात तर लोक तुमच्याशी भांडतात, हा अनुभव आहे. पान बारीक चिरलेलं, गाजराच्या पानासारखं वाटतं, चुरडलं की झेंडूच्या जवळ जाणारा वास येतो. शंका असेल तर उपटू नका, सरांना विचारा, ते ओरडतात पण सांगतात. उपटलेला ढीग तिथेच खडकावर उलटा टाकायचा, मुळं वर, म्हणजे परत रुजत नाही. हातमोजे आणा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, बूट जुने घाला. आणि चालताना पायवाट सोडायची नाही, कारण त्याच दिवसांत हाबेनारिया फुललेली असते आणि ती गवतात उभ्याने दिसत नाही.